डावा ठिपका

२० जुलै २०२५, रविवार

ही डायरी ह्यांची. कुठल्या तरी वायर कंपनीनं नव्या वर्षाला फुकट वाटलेली, त्यामुळे छापील वार आणि आजचे वार जुळत नाहीत. मी छापील खोडून वर लिहिते आहे. पुढून ह्यांनी लिहिलंय, म्हणून मी मागून सुरुवात केली. कागद चांगला आहे, वाया का घालवायचा.

आज सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोर भाऊजी आले होते. हे गेल्यापासून दीड वर्षात तिसऱ्यांदा. पहिल्यांदा भेटायला, दुसऱ्यांदा फ्लॅट माझ्या नावावर करायच्या कागदांसाठी आणि आज शिडीसाठी.

शिडी म्हणजे ह्यांचं यंत्र. दुकानांच्या जुन्या निऑन बोर्डांतले दोन ट्रान्सफॉर्मर एका फळीवर शेजारी शेजारी बसवलेले, वर तांब्याच्या दोन दांड्या, बुडाशी जवळ आणि शेंड्याला फाकलेल्या. दोन्ही ट्रान्सफॉर्मरांचा जोर एकत्र झाला की बुडाशी ठिणगी पडते, पायऱ्या चढल्यासारखी वर जाते, विझते, पुन्हा खालून सुरू होते. असं हे सांगायचे. मी पाहिलेलं नाही. कुणीच पाहिलेलं नाही.

२०१६ च्या गणपतीत ह्यांनी ती मंडपात मांडली होती. सगळी सोसायटी जमली, पोरं पुढे मांडी घालून बसली, ह्यांनी नवा शर्ट घातला आणि बटण दाबलं. लाल दिवा लागला, आतून घूं असा आवाज आला, आणि झालं. माइकवर नंदकिशोर भाऊजी म्हणाले, "कमळाकररावांची वीज बहुतेक लोडशेडिंगमध्ये अडकली!" हशा झाला. भाऊजी दांडीला टपली मारायला पुढे झाले तर हे "हात लावू नका!" म्हणून असे ओरडले की मी दचकले. आवाज चढवणारा माणूस नव्हे हा. तारच उपटली प्लगमधून. स्वतःचं चालत नाही आणि राग दुसऱ्यावर, असं मी त्या दिवशी घरी येऊन ऐकवलं. पुढेही बरीच वर्षं ऐकवलं.

तर आज भाऊजी म्हणाले, "वहिनी, यंदा आपली थीम विज्ञान आणि भक्ती. तुमची ती शिडी द्या. बाप्पाच्या उजव्या हाताला ठेवू."

"ती चालत नाही, भाऊजी."

"म्हणून तर मागतोय! चालणारी असती तर परवानग्यांचं टेन्शन. प्लग लावला की दिवा लागतो ना, आवाज येतो ना? पोरं खूश. आणि खाली पाटी लावू, कैलासवासी कमळाकर यांच्या स्मरणार्थ. लायटिंगवाली."

मी चहा ठेवायला आत गेले. ओट्याशी जरा वेळ उभी राहिले. मग बाहेर येऊन "न्या" म्हटलं.

२३ जुलै, बुधवार

ड्राय बाल्कनीतून शिडी बाहेर काढली. वर टाकलेली चादर ह्यांच्या हातची गाठ मारलेली होती. गाठ सोडवायला अर्धा तास लागला. कात्री जवळच होती.

धूळ खूप. पूर्वी मी दर खंडेनवमीला ह्यांची सगळी अवजारं पूजेला मांडायचे. पक्कड, पाने, कावीळ झाल्यासारखा तो पिवळा मीटर. शिडीत बसायच्या आधी हे दोन ट्रान्सफॉर्मरचे डबेही. रॉकेलच्या चिंधीनं लख्ख पुसायचे, तेलात कालवलेलं कुंकू लावायचे, म्हणजे झडत नाही. २०१६ नंतर मात्र हे म्हणाले, शिडी पूजेला नको. मी म्हटलं, बरोबर आहे, जे चालत नाही त्याची पूजा कशाला करायची. हे हसले होते. ह्यांना टोमणा कळायचा नाही.

२९ जुलै, मंगळवार

मनात आलं, पाटी लावायचीच तर चालणाऱ्या यंत्राला का लावू नये?

मी सातवी शिकलेली. पण हातात छापील काही आलं की सोडत नाही, भेळेचा कागदसुद्धा उलगडून वाचते. कपाटात ह्यांचं आयटीआयचं जुनं वायरमनचं पुस्तक सापडलं आणि ही डायरी आहेच. सहा दिवस दुपारभर वाचते आहे. पहिल्यांदा वाचलं तर काही कळलं नाही. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा काय कळत नाही ते कळलं.

आज लावलेला हिशोब असा. तारेच्या गुंडाळीला सुरुवातीचं टोक असतं आणि शेवटचं टोक असतं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून गुंडाळणारा सुरुवातीच्या टोकाला ठिपका देतो. तुर्भ्याच्या वर्कशॉपमध्ये हे तीस वर्षं मोटारी गुंडाळत होते, तिथली पद्धत लाल ठिपक्याची. घरी लाल रंग नव्हता म्हणून माझी नेलपॉलिशची बाटली नेली होती, डायरीतच आहे. मी ती आठवडाभर शोधत होते आणि संशय मोलकरणीवर घेतला होता. तिची माफी मागायची राहिली.

दोन ट्रान्सफॉर्मर जोडताना ठिपके बघून जोडायचे. ह्या कामाला एकाचं टोक वर जाताना दुसऱ्याचं खाली जायला हवं, मग पाच हजार आणि पाच हजार मिळून दहा हजार व्होल्ट. दोन्ही एकदमच वर गेली तर दोघांत फरक शून्य. म्हणजे शिडी चालली नाही ती त्यामुळेच असणार. मोडलेलं काही नव्हतंच. दोन वायरी उलटसुलट.

दोन वायरी! आणि मी आठ वर्षं ह्या माणसाला ऐकवलं की तुमचं यंत्र आणि तुमचं प्रमोशन एकाच मुहूर्तावर निघालंय.

३ ऑगस्ट, रविवार

त्या २०१६ च्या गणपतीनंतरच्या आठवड्यात ह्यांनी लिहिलेलं पान आज लागलं. जसंच्या तसं उतरवते.

"दोष सापडला. डावा ठिपका माझा नाही. दोन वायरी बदलल्या की काम झालं, पाच मिनिटं. बदलणार नाही. सगुणाला सांगायचं नाही."

खाली दोन ओळी सोडून:

"दोन टोकांत शून्य, जमिनीला मात्र प्रत्येकी पाच हजार. त्या दिवशी थोडक्यात निभावलं."

ही शेवटची नोंद. पुढची पानं कोरी.

डावा ठिपका ह्यांचा नाही, म्हणजे भंगारवाल्यानं फसवलं. आधीच कुणी तरी चुकीचा ठिपका दिलेला डबा ह्यांच्या गळ्यात मारला. भोळा माणूस. इथवर ठीक.

पण मला का सांगायचं नाही?

एकतीस वर्षं संसार केला. पगार सांगितला, बॉसच्या शिव्या सांगितल्या, डॉक्टर काय म्हणाले तेही शेवटी सांगितलं. आणि दोन वायरी सांगायच्या नाहीत?

४ ऑगस्ट, सोमवार

आज ह्यांच्या फोटोला फूल घातलं नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

घातलं.

९ ऑगस्ट, शनिवार

गोजरा आली. ही तळवलीची, मूळची इथली. गावात तीन मजली इमारत आहे, बारा खोल्यांचं भाडं येतं, तरी डोक्यावर सुकटीची पाटी घेऊन दारोदार फिरते. का विचारलं तर "पाय मोकले रातान" म्हणते. माझी ह्या भागातली पहिली मैत्रीण.

तिला ते पान वाचून दाखवलं. म्हटलं, "नवऱ्यानं बायकोला सांगायचं नाही असं लिहून ठेवावं, म्हणजे काय असेल?"

"दुसरी बाय हाय काय म्हून इचारतंस?" असं म्हणून ती इतकी हसली की सुकटीची पाटी खाली ठेवावी लागली. "तुजा कमलाकर नि दुसरी? त्याला पयली कलायला तीस वर्सा गेली!"

"मग काय सांगायचं नाही?"

"मना काय ठावं. पन बाप्या काय लपवतो? एक तं त्याची चूक, नायतर बायकोची. त्याची तं सगल्यांनी बगली."

असं काहीबाही बोलून ती बोंबील ठेवून गेली. गोजराचं मन मोठं आहे, पण यंत्रातलं तिला काय कळणार.

१२ ऑगस्ट, मंगळवार

खालच्या दोन ओळींकडे मी आधी नीट बघितलंच नव्हतं. "सांगायचं नाही"वर डोळा अडकला होता. आज सकाळी ऊन पडलं म्हणून गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले आणि तिथे कळलं.

आमच्या ए विंगची टाकी आणि बी विंगची टाकी सारख्याच उंचीवर. त्या दोन टाक्यांना पाइपनं जोडलं तर पाणी वाहणार नाही. इकडची पातळी तेवढीच, तिकडची तेवढीच. बघणारा म्हणेल, पाइपात जोर नाही, मेलेला आहे. पण खाली तळमजल्यावर कुणी नळ सोडला, तर? सात मजल्यांचा जोर. हाताला झिणझिण्या.

शिडीच्या दोन दांड्या म्हणजे त्या दोन टाक्या. दोघींत शून्य, म्हणून ठिणगी पडत नाही. पण जमिनीच्या मानानं प्रत्येक दांडी पाच हजारांवर आहे. आणि माणूस उभा असतो जमिनीवर.

म्हणजे दिवा लागतो, घूं होतं आणि बाकी काहीच होत नाही, तेव्हा ती शिडी चालूच असते. दिसत नाही एवढंच.

कपडे तसेच टाकून खाली आले. ह्यांनी त्या दिवशी "हात लावू नका" म्हणून का आरडाओरडा केला ते आज, नऊ वर्षांनी, कळलं. त्यांना त्या क्षणी सगळं कळलं नसेल, पण काही तरी गडबड आहे आणि आत पाच हजार आहेत हे माहीत होतं. मी त्याला राग म्हटलं होतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सोसायटीच्या ऑफिसात गेले. नंदकिशोर भाऊजी पाटीचं डिझाइन बघत होते. ह्यांचं नाव निळ्या अक्षरांत, भोवती लुकलुकणारी माळ. खरंच सुंदर होती. आधी तेच बघत बसले.

मग म्हटलं, "भाऊजी, शिडी मंडपात नको."

"आता? वहिनी, पाटी ऑर्डरला गेली."

मी टाक्यांचं सांगितलं. ए विंग, बी विंग, नळ, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं. लहान मुलीची कविता ऐकतात तसं.

"वहिनी, मी इंजिनिअर आहे."

"सिव्हिलचे ना?"

"इंजिनिअर तो इंजिनिअर. बेसिक सगळ्यांचं सेम असतं. शून्य म्हणजे शून्य. शून्याला शॉक नसतो. आणि नऊ वर्षांपूर्वी सगळ्यांनी बघितलंय की ती बंद आहे. तुम्हाला भावनिक त्रास होतोय, समजू शकतो. वैशाली म्हणालीच होती, त्यांना एवढ्यात विचारू नका म्हणून."

वैशाली म्हणजे त्यांची बायको. श्रावणात तिच्याकडे हळदीकुंकू झालं, मला बोलावणं नव्हतं. मनात काही नसतं तिच्या, रीत पाळते. हळदीकुंकवाला मी चालत नाही, शिडी मात्र चालते.

"पोरं हात लावणार," मी म्हटलं.

"दोरी बांधू."

"पोरं दोरीखालून जातात."

"मग लिहू, हात लावू नये."

"त्यातली निम्मी अजून शाळेत जात नाहीत."

ह्यावर त्यांनी पाटीचा कागद पुन्हा माझ्यापुढे सरकवला. "नाव कसं दिसतंय ते तरी बघा."

दिसत चांगलं होतं. तीच अडचण आहे. दोन्ही वेळा मीच बघितलं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनाला गेले. नंदकिशोर भाऊजींनी भाषणात विज्ञानाची कास धरायला सांगितलं.

कुणी म्हणेल, एवढं आहे तर वायर कापून टाक आणि मोकळी हो. विचार आला होता. पण वायर कापली तर दिवा लागणार नाही. दिवा लागला नाही तर भाऊजी कुणाला तरी बोलावून नवी वायर जोडून घेतील, आणि तो जोडणारा काय जोडेल देव जाणे. चादर घालून ठेवली होती म्हणून एवढी वर्षं सुरक्षित होती. मीच गाठ सोडली.

दुसरा उपाय भलताच मोहाचा. दोन वायरी बदलायच्या. पाच मिनिटं, ह्यांनीच लिहिलंय. मग शिडी खरीच चालेल, सगळ्यांना दिसेल, भाऊजींचं तोंड बंद होईल आणि लखलखत्या ठिणगीला कुणी हात लावणार नाही. सकाळपासून हेच घोळत होतं. दुपारी पक्कड घेऊन समोर बसलेसुद्धा.

मग पुस्तकातलं आठवलं. त्यात प्रत्येक धड्याच्या शेवटी चौकटीत एकच वाक्य आहे: शंका असल्यास काम थांबवा, जाणकारास बोलवा. ह्यांनी प्रत्येक चौकटीखाली पेन्सिलीनं रेघ मारली आहे. सगळ्या धड्यांना, एकवीसच्या एकवीस. दुसरी एकही रेघ पुस्तकात नाही.

पक्कड जागेवर ठेवली. हरेश भाऊजींना फोन केला.

२१ ऑगस्ट, गुरुवार

हरेश भाऊजी म्हणजे ह्यांच्या वर्कशॉपमधले जोडीदार, टेस्टिंगला. बोलणं बेताचं. फोनवर सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "प्लग लावलात का?" नाही म्हटल्यावर "आता लावू नका. शेवटचा कमळाकरनंच लावलेला असू दे" म्हणाले आणि टेम्पो पाठवला.

नंदकिशोर भाऊजींनाही बरोबर घेतलं. "चला, होऊन जाऊ दे वहिनींचं समाधान," म्हणत ते आले. टेम्पोवाला तुर्भ्यापर्यंत ट्रकांमधून वाट काढत होता आणि नंदकिशोर भाऊजी मला शून्याची महती सांगत होते.

टेस्टिंगची जागा म्हणजे जाळीचा पिंजरा. दार उघडं असलं की आतली वीज आपोआप बंद. हरेश भाऊजींनी शिडी आत ठेवली, दार लावलं, आम्हाला पिवळ्या पट्ट्याच्या मागे उभं केलं. नंदकिशोर भाऊजींचा बूट पट्ट्यावर होता, तो हरेश भाऊजींनी बोटानं दाखवला. भाऊजी मागे सरले.

वीज सोडली. लाल दिवा लागला. घूं.

नऊ वर्षांनी तो आवाज ऐकला. मी तयारी करून गेले नव्हते. पदर सारखा केला, दुसरं काय करणार.

आधी दोन दांड्यांमध्ये मोठं मीटर. काटा थोडा हलला आणि बसला. "बघा!" नंदकिशोर भाऊजी म्हणाले. "शून्य! मी काय म्हणत होतो? वहिनी, आता तरी..."

"साहेब, एक मिनिट," हरेश भाऊजी म्हणाले.

जाळीच्या फटीतून आत जाणारी लांब दांड्याची काठी त्यांच्याकडे आहे. तिच्या टोकाला पितळी आकडा, आकड्याची वायर जमिनीत गाडलेली. तो आकडा त्यांनी हळूहळू डाव्या दांडीजवळ नेला. त्याच दांडीला टपली मारायला नंदकिशोर भाऊजी तेव्हा मंडपात पुढे झाले होते.

टप्प! निळी ठिणगी. मग उजव्या दांडीपाशी. टप्प!

वास आला. पाऊस नसताना वीज पडल्यासारखा.

"हा आकडा म्हणजे अनवाणी पोर समजा," हरेश भाऊजी म्हणाले.

नंदकिशोर भाऊजींचं हसू तोंडावर होतं तसंच राहिलं, ते कुठे ठेवावं हे त्यांना सुचत नव्हतं. मग ते आपल्या उजव्या हाताकडे बघायला लागले. बराच वेळ. येताना टेम्पोत शून्याबद्दल काही बोलले नाहीत. अर्ध्या वाटेत कधी तरी म्हणाले, "कमळाकरराव त्या दिवशी ओरडले नसते तर, वहिनी..." आणि बाहेर बघायला लागले. मला तेवढं पुरे झालं.

शिडी तिथेच ठेवून आले. हरेश भाऊजींनी माझ्यासमोर प्लग कापून माझ्या हातात दिला.

२४ ऑगस्ट, रविवार

सोसायटीची मीटिंग. नंदकिशोर भाऊजी उभे राहिले. "सुरक्षिततेच्या दृष्टीनं मी स्वतः पुढाकार घेऊन तुर्भ्याला तज्ज्ञांकडून टेस्टिंग करून घेतलं. कैलासवासी कमळाकररावांच्या यंत्रात गंभीर दोष आढळला. जोडणीच चुकीची होती. त्यामुळे आपण प्लॅस्टिकची एलईडीवाली वीज आणतोय."

मागून कुणीतरी म्हणालं, "काकांनी पुन्हा फ्यूज उडवला म्हणायचं." हशा. वैशालीनं माझ्याकडे बघितलं आणि खाली बघितलं.

मी उठू शकले असते. भंगारवाल्यानं डाव्या डब्यावर चुकीचा ठिपका दिला होता, माझ्या नवऱ्याची जोडणी नव्हे, असं सांगू शकले असते. वाक्य तयार होतं. पण मग कुणी विचारलं असतं, मग ठिपका दुरुस्त करा की, दोन वायरी बदला की, चालवू यंदा. हौशी माणसं आहेत. कुणीतरी पक्कड घेऊन बसलंच असतं, मी बसले होते तशी.

म्हणून गप्प बसले. नादुरुस्त म्हणतात तर म्हणू दे. नादुरुस्त वस्तूला कुणी हात लावायला जात नाही.

घरी येऊन ह्यांच्या फोटोला सांगितलं की आज तुमची पुन्हा अब्रू गेली आणि ह्या वेळी माझ्या संमतीनं. वाईट वाटलं. पण आठ वर्षं हे टोमणे खाऊन गप्प कसे राहिले, हे कोडं मला अजून सुटत नाही. मला एक संध्याकाळ जड गेली.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती आले. प्लॅस्टिकची वीज छान चमकते. पोरं तिला लोंबकळतात. खाली पाटी आहे, तीच लुकलुकती माळ: "विद्युत सुरक्षा मार्गदर्शन, श्री. नंदकिशोर". माळेचे पैसे दिले होते, वाया घालवायचे नसतील. मी समजू शकते. मीही ही डायरी कागद वाया जाऊ नये म्हणूनच लिहिते आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

खंडेनवमी आली म्हणून हरेश भाऊजींना फोन केला होता, शिडी परत द्या, पूजेला ठेवते. आज स्वतः घेऊन आले. दांड्या काढून वेगळ्या बांधल्या होत्या.

चहा झाला. जाताना चपला घालता घालता म्हणाले, "वहिनी, तुम्ही फोनवर भंगारवाल्याचं म्हणालात ना. हे दोन्ही डबे कमळाकरनं माझ्यासमोर उघडले होते. ठिपके त्यानंच दिले, नेलपॉलिशचे. बघूनच मी हसलो होतो."

"मग डावा ठिपका माझा नाही असं का लिहिलंय?"

"उजवा ठिपका नखानं निघत नाही. पॉलिश आहे. डावा मी जरा खरवडला तर निघायला लागला. म्हणून अर्ध्यावर थांबलो." त्यांनी अंगठ्याचं नख दाखवलं, जसं काही अजून लागलेलंच असावं. "कुंकू आहे ते. तेलातलं. आणि दुसऱ्या टोकाशी जुन्या पॉलिशची पुसट कडा दिसते. कुणी तरी रॉकेलनं घासून पुसलंय."

मी वाकून डावा डबा बघितला.

"जोडताना पिवळ्या बल्बखाली लाल ते लाल दिसलं असेल त्याला," ते म्हणाले. "चालवून बघितलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. घरात चालवून बघायचं नाही अशी शपथ होती म्हणे कुणाची तरी."

"माझी," मी म्हटलं.

"हं," म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

२९ सप्टेंबर, सोमवार

काही नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

सकाळी अवजारं पाटावर मांडली. पक्कड, पाने, पिवळा मीटर. मध्ये शिडीचे दोन डबे. प्लग कापलेला आहे, पाच हजार नाहीत, शून्यही नाही.

ह्यांचं ते पान उघडून ठेवलं होतं. आता त्यात अवघड काही नाही, सातवीच्या मुलीलाही कळेल. पाच मिनिटांचं काम. बदललं असतं तर शिडी चालली असती, सोसायटीत मान मिळाला असता, आणि मग मी नक्की विचारलं असतं, मला सवयच आहे विचारायची: तेव्हा का नाही चालली हो?

गोजरानं सुकटीची पाटी खाली ठेवून सांगितलं होतं, "नायतर बायकोची." मी म्हटलं, तिला यंत्रातलं काय कळणार.

मोलकरणीला फोन करून नेलपॉलिशच्या बाटलीबद्दल माफी मागितली. तिला आठवतच नव्हतं. ह्यांची मागायची राहिली.

धूळ कोरड्या फडक्यानं झाडली. रॉकेल काढलं नाही. डावा ठिपका अर्धा राहिला आहे, त्याला फडकं लागू दिलं नाही.

कुंकू तेलात कालवलं. वैशाली दारात डोकावली, दसऱ्याच्या वर्गणीला आली होती. माझ्या हातातली वाटी बघून आत यावं की नाही अशी उभी राहिली. मी म्हटलं, "ये. अवजारांना लावतेय, मला नाही."

ती गेल्यावर लावलं. दोन्ही डब्यांना, मधोमध, टोकांपासून चार बोटं लांब. आता तिथे कुणी काही जोडणार नाही, तरीही.